व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाताना: दिवसांचा हिशेब, चढण आणि पाऊस

जुलै-ऑगस्टमध्ये दरीखालच्या घांघरिया गावाच्या चिखलाळ गल्लीत मराठी कानावर पडली नाही असा दिवस विरळा. ट्रेकचे ग्रुप, सोसायटीतली मंडळी, निवृत्त शिक्षकांची सहल, सगळे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघायला आलेले. यांतल्या ज्यांची सहल फसते त्यांना बहुधा पाय दगा देत नाहीत, कॅलेंडर देते. आठ दिवसांची रजा, जाण्यायेण्याची तिकिटे पक्की, प्रत्यक्ष दरीसाठी नेमका एक दिवस, आणि त्याच दिवशी ढग असे उतरलेले की चार हातांवरचे दिसत नाही. म्हणून इथे दिवसांच्या हिशेबाला जास्त जागा दिली आहे. बूट आणि रेनकोटचे नंतर पाहू.

आधी अपेक्षा नीट करून घ्या

हे राष्ट्रीय उद्यान उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये ते जाहीर झाले, क्षेत्रफळ ८७.५ चौरस किलोमीटर. शेजारचे नंदादेवी उद्यान १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत होते, त्याला जोडून २००५ मध्ये हीही दरी त्या यादीत आली. पर्यटकांना मोकळी आहे ती एक पायवाट आणि तिचे दोन-तीन फाटे. आत राहता येत नाही, तंबू ठोकता येत नाही, चहाची टपरीही नाही. मुक्काम घांघरियात, रोज सकाळी चालत आत जायचे आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचे.

कास पठार पाहिलेल्यांची इथे एक गफलत होते. कासला फुले गुडघ्याखाली असतात आणि एकाच रंगाचा गालिचा नजर जाईल तिथवर दिसतो. इथे बरीच झाडे कमरेपर्यंत, काही छातीपर्यंत वाढतात. वाट त्यांच्या मधून जाते आणि एकाच हातभर जागेत पाच-सहा जातींची फुले मिसळलेली असतात. फोटोत दिसतो तसा अखंड रंगाचा पट्टा फक्त काही आठवडे आणि काही ठिकाणीच दिसतो. सावकाश चालून जवळून पाहणाऱ्याला ही दरी भरभरून देते. गाडीतून उतरून 'व्ह्यू पॉइंट' शोधणाऱ्याला मात्र ती हिरवी कुरणे आणि धुके एवढीच वाटते.

दुसरी गफलत उंचीची. कळसूबाई १६४६ मीटर. गोविंदघाट, जिथे गाडीरस्ता सोडून वर निघायचे, तेच १८०० मीटरच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा माथा जिथे संपतो त्याच्या वरून इथली चाल सुरू होते. घांघरिया साधारण ३०५० मीटर, दरीतली वाट त्याहून थोडी वर, आणि हेमकुंड, म्हणजे तळ्याकाठच्या गुरुद्वाऱ्याचे ठिकाण, ४३०० मीटरच्या पुढे.

कधी जावे

उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. पण या पाच महिन्यांत दरी पाच वेगळी रूपे घेते.

जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे असतात, ओढ्यांवर बर्फाचेच पूल असतात. प्रिम्युला, अॅनिमोन अशी बर्फ वितळताच येणारी बुटकी फुले दिसतात, पण दरी 'भरलेली' नसते. बर्फ पाहायचा असेल तर जून छान. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सगळीकडे हिरवे चढते. या दिवसांत नागफणीसारखी दिसणारी कोब्रा लिली पाहून कोकणातला माणूस चटकन ओळखेल: आपल्या सापकांद्याचीच ही भावकी.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सर्वांत जास्त जाती एकाच वेळी फुललेल्या असतात. लाल पोटेंटिला, जांभळट जिरेनियम, कँपान्युला, पेडिक्युलॅरिस, नदीकाठच्या वाळूत गुलाबी एपिलोबियम. फक्त फुलांसाठी जात असाल तर २० जुलै ते १५ ऑगस्ट ही मुदत धरा. बर्फ किती पडला, उन्हाळा कसा गेला यावर दरवर्षी बहर आठ-दहा दिवस मागेपुढे होतो, त्यामुळे एकच तारीख नेमकी म्हणून सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. १५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या की घांघरियात खोली मिळणे मुश्कील होते. तो आठवडा टाळता आला तर टाळा.

ऑगस्टच्या उत्तरार्धात दरी गुलाबी होते ती मुख्यतः हिमालयन बालसममुळे. हा आपल्या तेरड्याचा उंचापुरा चुलतभाऊ. त्याच्या जोडीला पांढऱ्या तुऱ्यांचे पॉलिगोनम सगळीकडे माजलेले दिसते. उद्यान झाल्यावर इथली मेंढ्यांची चराई थांबवली गेली, आणि त्यानंतर या दांडग्या वनस्पतीने लहान फुलांची जागा खाल्ली असे बरेच अभ्यासक मानतात. वनखाते दरवर्षी ती उपटून काढते. वाटेत उपटलेल्या झाडांचे ढीग दिसले तर कुणी नासधूस केली असे समजू नका.

सप्टेंबरमध्ये फुले ओसरतात, पण आकाश उघडते. दरीच्या वरच्या टोकाला टिपरा हिमनदी आणि रताबन शिखर स्वच्छ दिसू लागते, पाने तांबूस होतात, गर्दी निम्म्याहून कमी. डोंगर पाहायची हौस फुलांपेक्षा जास्त असेल, किंवा पावसात दरड कोसळण्याची धास्ती असेल, तर १० सप्टेंबरनंतर जावे.

पाऊस टाळून भर बहर पाहण्याची सोय मात्र नाही. पावसामुळेच बहर आहे.

किती दिवस काढावेत

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी घर सोडल्यापासून परतीची गाडी पकडेपर्यंत अकरा दिवस धरावेत. नऊ दिवसांत जमते, पण मग एखादी दरड संपूर्ण सहल घेऊन जाते.

पहिले दोन दिवस हरिद्वार गाठण्यात. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून पीपलकोटी किंवा जोशीमठ. चौथ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि पुढे चालत घांघरिया. पाचव्या दिवशी दरी. सहाव्या दिवशी हेमकुंड. सातवा दिवस पुन्हा दरीसाठी, किंवा आधीच्या दोहोंपैकी पावसाने खाल्लेल्या दिवसाची भरपाई. आठव्या दिवशी खाली उतरून जोशीमठ, किंवा तब्येत-वेळ असेल तर थेट बद्रीनाथ, जे गोविंदघाटाहून २५ किलोमीटरवर आहे. नवव्या दिवशी ऋषिकेश. दहावा राखीव. अकराव्या दिवशी परतीची गाडी.

यातला सातवा आणि दहावा दिवस कापायचा मोह सगळ्यांना होतो. कापायचाच झाला तर हेमकुंड कापा, सातवा दिवस नको. दरी दोनदा पाहिल्याने फरक पडतो: पहिल्या दिवशी माणूस चालण्यात गुंतलेला असतो, दुसऱ्या दिवशी थांबायला शिकतो. शिवाय एका दिवशी सकाळी पाऊस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन, असे इथे सर्रास होते.

आधी दरी, मग हेमकुंड, हा क्रम उलटवू नये. दरीत फिरताना ३००० ते ३५०० मीटरवर शरीर एक दिवस हलके काम करते, रात्री खाली झोपते, आणि मग ४३०० ची चढण झेपते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी थेट हेमकुंडला धावणारे अर्ध्या वाटेत डोके धरून बसलेले दिसतात.

तिकिटे आणि कागदपत्रे

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, प्रवास सव्वा ते दीड दिवसाचा. पुणे, नागपूर, सोलापूरकडच्यांना दिल्लीहून गाडी बदलणे बहुधा सोयीचे. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे २५ जुलैच्या गाडीसाठी मेच्या शेवटच्या आठवड्यातच सज्ज राहावे लागते. विमानाने जायचे तर देहरादूनचा जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशपासून जवळ आहे.

हेमकुंड आणि बद्रीनाथसाठी उत्तराखंड सरकारची यात्रा नोंदणी सक्तीची आहे. ती ऑनलाइन आणि मोफत होते, प्रत्येक माणसाची वेगळी, आणि तिची कागदावरची प्रत जवळ ठेवावी कारण वर मोबाइल कधीही मान टाकतो. फक्त दरीच पाहणार असाल तरी ती करून ठेवा. रस्ता एकच असल्यामुळे नाक्यावरच्या पोलिसाशी वाद घालायची वेळ येत नाही. दरीचे प्रवेशशुल्क घांघरियाजवळच्या वनखात्याच्या चौकीवर घेतात. शुल्काचा दर आणि पावती किती दिवस चालते याचे नियम बदलत आले आहेत, म्हणून दोन दिवस जायचे असेल तर पावती घेतानाच विचारा. आधारकार्ड मूळच हवे.

रोख रक्कम जोशीमठात काढून घ्या. घांघरियात कधी नेटवर्क असते, कधी नसते, आणि नेटवर्क गेले की यूपीआयही गेले. चार दिवसांची खोली, जेवण, जीप, घोडा किंवा पोर्टर यासाठी माणशी आठ-दहा हजार सुट्या नोटांत असावेत. पाचशेची नोट मोडायला वर कुणी राजी नसते.

हरिद्वार ते गोविंदघाट

सुमारे ३०० किलोमीटर, आणि हा आकडा पाहूनच लोक फसतात. आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर जेमतेम पावणेचारशे, ते सात-आठ तासांत होते, मग हे का नाही? कारण ऋषिकेश सोडले की शेवटपर्यंत घाट आहे. कोरड्या दिवशी जोशीमठापर्यंत दहा तास, पावसाळ्यात बारा धरा, आणि दरड कोसळली तर किती ते कुणी सांगू शकत नाही. देवप्रयाग, श्रीनगर (गढवालमधले), रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पीपलकोटी, हेलंग, जोशीमठ असा रस्ता. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधला सिरोबगड आणि पीपलकोटीच्या पुढचा पागल नाला ही दरडींची नावाजलेली ठिकाणे. 'पागल' हे नाव नाल्याने आपल्या वागण्याने कमावलेले आहे.

पहाटे पाचच्या आत निघणे हा एकच नियम पाळला तरी निम्मी डोकेदुखी टळते. दरड पडलीच तर ती उपसायला यंत्रे सकाळी लागतात. लवकर निघालेला माणूस दुपारी रस्ता सुटल्यावर उजेडात मुक्कामाला पोहोचतो. उशिरा निघालेला अंधारात अडकतो, आणि रात्री या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत. हरिद्वार-ऋषिकेशहून बद्रीनाथ-जोशीमठकडे जाणाऱ्या बसही पहाटेच सुटतात, तिकीट आदल्या संध्याकाळी घ्यावे. सहा-सात जण असाल तर जीप ठरवा, पण चालक पहाडातलाच हवा. दिल्लीहून टेंपो ट्रॅव्हलर घेऊन आलेला मैदानी चालक इथे स्वतःच घाबरलेला असतो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावे, सकाळी उपाशीही नको आणि आलू पराठ्यांवर ताव मारूनही नको. गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, देवप्रयागला मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

मुक्काम पीपलकोटीत की जोशीमठात? जोशीमठ (आता कागदोपत्री ज्योतिर्मठ) पुढचा टप्पा जवळ करते. तिथून गोविंदघाट वीसेक किलोमीटर, म्हणजे तासाभराचे अंतर. २०२३ च्या जानेवारीत तिथे जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हापासून अनेक जण पीपलकोटीला थांबणे पसंत करतात. पीपलकोटीहून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालात तरी वेळेत पोहोचता.

रस्त्याची खबर आदल्या रात्री आणि पहाटे चमोली पोलिसांच्या समाजमाध्यमावरच्या पानावर पाहावी. हॉटेलमालकापेक्षा ती ताजी असते.

पुलना ते घांघरिया

गोविंदघाटला अलकनंदा ओलांडली की पुलन्यापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. जीप भरली की सुटते, सकाळी रांग असते. जड सामान गोविंदघाटच्या हॉटेलात किंवा गुरुद्वाऱ्यात ठेवता येते. चार दिवसांना लागेल तेवढेच वर न्या, सहा-सात किलो पुरते.

पुलन्यापासून घांघरिया नऊ ते दहा किलोमीटर, चढण जवळपास हजार मीटर. बारी गावातून कळसूबाई चढण्याइतकीच ही चढण म्हणा, फक्त लांबवर पसरलेली आणि विरळ हवेतली. फरसबंद वाट आहे, चुकायचा प्रश्नच नाही. ठरावीक अंतरावर टपऱ्या आहेत. सवय असलेल्याला साडेचार तास, नसलेल्याला सहा-सात. भ्यूंडार गावापर्यंत वाट सोपी. तिथे पूल ओलांडला की खरी चढण लागते आणि शेवटचे तीन किलोमीटर संपता संपत नाहीत. ताकद त्यांच्यासाठी राखून ठेवा. हे भ्यूंडार आणि खालचे गोविंदघाट दोन्हींना २०१३ च्या जूनमधल्या महापुराने मोठा तडाखा दिला होता. वाटेचे काही भाग तेव्हा वाहून गेले आणि नंतर नव्याने बांधले. नदीकाठच्या खडकांवर बसून फोटो काढू नका असे सांगतात ते यामुळेच: वर कुठेतरी पाऊस पडला की पाणी इथे सूचना न देता वाढते.

दहाच्या आत चालायला सुरुवात व्हावी. दुपारनंतर वर सोडत नाहीत, आणि सोडले तरी शेवटचा टप्पा अंधारात, पावसात, शेणाने निसरड्या झालेल्या दगडांवरून करावा लागतो.

घोडा, पोर्टर, किंवा पाठीवरच्या टोपलीत माणसाला बसवून नेणारी कंडी, तिन्ही मिळतात. दर फलकावर लिहिलेले असतात. फलकाप्रमाणे पावती करूनच ठरवा. घोड्यांच्या वाटेवर चालताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहून त्यांना वाट द्या, दरीच्या बाजूला कधीही नाही. सामान लादलेला घोडा माणसाला सहज ढकलतो. हवा मोकळी असली तर गोविंदघाट-घांघरिया हेलिकॉप्टरही चालते, पण ऐन पावसात त्यावर बेत बांधू नये.

घांघरियातल्या खोल्या साध्या असतात. ओल, मंद दिवे, बादलीने गरम पाणी, त्याचे वेगळे पैसे. वीज येते-जाते, म्हणून पॉवरबँक खालूनच भरून आणा. जाताना एकाच रात्रीचे आरक्षण केले असेल तर पोहोचताच उरलेल्या रात्री पक्क्या करा. गुरुद्वाऱ्यात कुणालाही राहता-जेवता येते. तिथे राहिलात तर यथाशक्ती देणगी द्यावी आणि लंगरमध्ये भांडी घासायला हात लावावा. गावात स्थानिक समितीचे माहितीकेंद्र आहे, संध्याकाळी दरीवरची चित्रफीत दाखवतात. ती पहिल्याच संध्याकाळी पाहिली तर दुसऱ्या दिवशी फुलांना नावे लावता येतात.

दरीतला दिवस

चौकी सकाळी सातला उघडते. साडेसहाला रांगेत उभे राहिलात तर पहिल्या दोन तासांत दरी जवळजवळ एकट्याची मिळते. नऊनंतर मोठे गट येतात. प्रवेश दुपारी बंद होतो आणि पाचपर्यंत सगळ्यांना बाहेर यावे लागते. घोडे आत जात नाहीत. ज्यांना चालणे झेपणार नाही त्यांनी आदल्या संध्याकाळीच कंडीवाला ठरवावा, सकाळी ऐनवेळी मिळत नाही.

खाणे-पिणे हॉटेलवाल्याकडून आदल्या रात्री सांगून बांधून घ्या: माणशी तीन-चार पराठे, उकडलेले बटाटे किंवा अंडी. सोबत चिक्की, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. दीड लिटर पाणी. प्लास्टिकचे वेष्टन आत नेलेत तेवढे बाहेर आणायचे.

गावाबाहेर वाटेला फाटा फुटतो: उजवी हेमकुंडाकडे, डावी दरीकडे. चौकीनंतर वाट झाडीतून पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतरते आणि पूल ओलांडताच अंगावर येते. दगडी, वळणावळणाची, दीड-दोन किलोमीटरची ही चढण सगळ्या दिवसातली एकमेव कठीण गोष्ट. भूर्जपत्राची झाडे याच टप्प्यात दिसतात, कागदासारखी साल सुटलेली. ओढून काढू नका, झाड मरते. इथे दमून 'दरी अशीच असेल' म्हणून परतणारे लोक असतात. वाईट वाटते, कारण खिंडीतून पुढे वाट आडवी होते आणि दोन्ही बाजूंनी डोंगर मागे सरतात. चौकीपासून इथवर दोन तास.

बहुतेक गट पहिल्या मोठ्या कुरणात, सपाट खडकांवर डबे उघडतात आणि तिथूनच फिरतात. तुम्ही थांबू नका. पुढच्या तासाभराच्या वाटेवर गर्दी विरते आणि फुले वाढतात. मध्ये दोन-तीन ओढे लागतात, काहींवर लाकडी फळ्यांचे तात्पुरते पूल असतात. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी पाऊस आणि वितळते बर्फ मिळून गुडघ्यावर जातो. परतीला तो ओलांडायचा आहे हे लक्षात ठेवूनच पुढे जा.

एका फाट्याने जोन मार्गारेट लेग हिच्या समाधीकडे जाता येते. १९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार या दरीत उतरले आणि बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला. भ्यूंडारच्या लोकांना, मेंढपाळांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. लेग ही वनस्पती गोळा करायला आलेली अभ्यासक. १९३९ मध्ये उतारावरून पडून इथेच गेली. समाधीभोवतीचे कुरण दरीतल्या सुंदर जागांपैकी एक आहे आणि तिथे शांतता असते. दुसरी वाट नदीपात्राकडे. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये तिथले वाळूचे पट्टे एपिलोबियमने गुलाबी होतात. एका दिवसात दोन्ही धावतपळत होते. दोन दिवस असतील तर एकेका दिवशी एकेक.

दुपारी एक वाजता, जिथे असाल तिथून मागे वळा. नदीपात्रापासून चौकीपर्यंत तीन तास लागतात आणि उतारावरचे ओले दगड चढणीपेक्षा जास्त वेळ खातात.

वाट सोडून आत पाऊल टाकू नका. नियमाचे एक कारण तुडवली जाणारी रोपे. दुसरे तुमच्याच कामाचे. उंच झाडोऱ्यात बिच्छू घास असते, तिचा स्पर्श तासभर आग करतो. इथल्या निळ्या-जांभळ्या देखण्या फुलांत बचनागाच्या जातीही आहेत, ज्या मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. मुलांना फूल तोडून तोंडात घालू देऊ नका.

हेमकुंड

अंतर सहाच किलोमीटर, पण चढण बाराशे मीटरच्या पुढे. पहाटे पाचला निघावे, दहापर्यंत वर, दुपारी दोनपर्यंत परत. अकरानंतर धुके तळ्यावर बसते. वर मुक्कामाला परवानगी नाही. शेवटच्या भागात फरसबंद वळणांची वाट आणि खड्या पायऱ्या असे दोन पर्याय येतात. चढताना वळणांनीच जा. पायऱ्या अंतर वाचवतात आणि दम खातात.

निळी पॉपी दरीपेक्षा या वाटेवर खडकांच्या आडोशाला हमखास दिसते, आणि ऑगस्टपासून शेवटच्या टप्प्यात ब्रह्मकमळ. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलते आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवले जाते ते निवडुंगाच्या कुळातले. हे हिमालयातले खरे, फिकट पिवळट पानांच्या द्रोणात जांभळट गोंडे असलेले. तोडायला मनाई आहे.

वर गुरुद्वारा आणि शेजारी लक्ष्मणाचे मंदिर आहे. डोके झाकायचे, बूट काढायचे. गार फरशीसाठी जाड कोरडे मोजे खिशात ठेवा. लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी मिळते. त्या उंचीवर तिची चव काही वेगळीच लागते. तळ्यात डुबकी मारायची तर पाणी बर्फाचे आहे, आणि रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ती हौस सोडावी.

उंचीचा त्रास

घांघरियात पहिल्या रात्री थोडे डोके दुखणे, झोप नीट न लागणे सामान्य. पाणी भरपूर, जेवण हलके, दारू नाही. डोकेदुखीच्या जोडीला उलट्या, तोल जाणे, किंवा बसल्या जागी धाप लागणे आले तर मात्र 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचे नाही. त्याला खाली उतरवणे हाच उपाय, आणि हेमकुंडच्या वाटेवर असाल तर त्याच क्षणी मागे फिरायचे. हा त्रास होऊ नये म्हणून बरेच जण डायमॉक्सची गोळी घेतात. सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही, त्यामुळे घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, मित्राच्या पाकिटातून घेऊन ती गिळू नका. मधुमेह, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी नेहमीची औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत दुप्पट न्यावीत.

तयारी म्हणाल तर निघण्यापूर्वी सहा आठवडे. आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर भराभर चालणे, दोन दिवस जिने, आणि एखाद्या रविवारी पाठीवर पाच किलो घेऊन गड. उतारासाठी गुडघे तयार करणे चढणीच्या दमाइतकेच गरजेचे.

पिशवीत काय

बूट निदान महिनाभर वापरलेले, घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे. नवे बूट पुलन्यातच फोड आणतात. मोजे चार जोड, त्यातला एक फक्त झोपायला. जीन्स नकोच, एकदा भिजली की चार दिवस वाळत नाही. पटकन वाळणाऱ्या दोन पँट, तीन टीशर्ट, एक फ्लीस, एक वारा अडवणारे जाकीट, हेमकुंडसाठी आतले गरम कपडे, कानटोपी, हातमोजे. रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो.

पावसासाठी पाठपिशवीसकट झाकणारा चांगला पाँचो. गोविंदघाटला मिळणारे पातळ प्लास्टिकचे रेनकोट एका दिवसात फाटतात आणि मग वाटेच्या कडेला लोंबतात. पिशवीवरच्या आवरणावर विसंबू नका. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून कपडे तिच्यात ठेवा. काठी गोविंदघाटला विकत मिळते, घ्याच. डोक्याला लावायचा दिवा, मीठ-साखरेची पुडी, फोडांवर लावायची चिकटपट्टी, आणि ढगाळ असले तरी सनस्क्रीन. कॅमेऱ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या. ड्रोन घरीच ठेवा.

परतताना

घांघरियाहून सकाळी सातला निघालात तर अकरापर्यंत पुलना, दुपारी जोशीमठ. ऋषिकेशला पोहोचण्याच्या रात्रीचीच गाडी किंवा दुसऱ्या सकाळचे विमान धरू नका; मधला एक दिवस मोकळा असावा. रस्ता उघडाच राहिला तर तो ऋषिकेशला गंगेकाठी बूट वाळवण्यात जाईल. आणि सिरोबगडला गाड्यांची रांग लागलीच तर चालकाला दामटवू नका. वरून बारीक खडे घरंगळत असताना पुढे गाडी घालायची की थांबायचे, हे तुमच्या तिकिटापेक्षा त्याला जास्त कळते.